गफ्फार मिस्त्रीचे तीन कोरे पासपोर्ट

गफ्फार मिस्त्रींना युगांडाला पाठवता पाठवता चंदनने त्यांना जवळजवळ घरीच बसवलं होतं, आणि तेही अगदी मन लावून काम करून.

चंदनचं अकोल्याच्या जठारपेठेत ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. पीकविमा, पोलीस भरती, रेशनकार्ड, लाइटबिल, जे म्हणाल ते. दुकानाचं शटर दोन वर्षांपासून अर्ध्यावरच अडकलेलं, त्यामुळे गिऱ्हाईक कितीही मोठं असो, आत वाकूनच यायचं. मिस्त्रीही वाकूनच आले होते. फॉर्म भरायचे पैसे चंदनने नको म्हटल्यावर त्यांनी शटरकडं एकदा मान वर करून पाहिलं आणि सांगितलं, फुकट काम मी कोणाकडून घेत नाही, तुझं हे शटर मी चालतं करून देतो.

परदेशाच्या व्हिसाचा फॉर्म दुकानात पहिल्यांदाच आला होता. पण हिवरखेडच्या शाळेत इंग्रजीच्या पेपरात दोनदा पहिला आलेला माणूस, तो कशाला कोणाला विचारतो. पासपोर्ट लावला, फोटो लावला, तिकडच्या कापसाच्या जिनिंगवाल्यांचं निमंत्रणाचं पत्र लावलं. पुढं 'यलो फीवर'च्या लशीचं सर्टिफिकेट मागितलं होतं. यलो म्हणजे पिवळा, फीवर म्हणजे ताप, आणि माणूस पिवळा पडतो तो ताप म्हणजे कावीळ. चंदनच्या हिशेबात कुठं खोट नव्हती. त्यानं मिस्त्रींना फोन करून विचारलं, कावीळ झाली होती का कधी. मिस्त्री म्हणाले, झाली होती ना, चौथीत असताना. आमच्या बाळापूरच्या एका म्हातारीनं डोक्यावर माळ ठेवली, ती लांबत लांबत गळ्यात आली, बेंबीपर्यंत उतरली आणि कावीळ गेली. चंदनचं समाधान झालं. माळेचं सर्टिफिकेट कोणी देत नाही, म्हणून त्यानं लशीचं म्हणून कोरोनाचं लावून दिलं. दोन्ही डोस, खाली बारकोड, एकदम पक्कं.

बारा नोव्हेंबरला, बुधवारी, उत्तर आलं. अर्ज परत. पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड असल्याशिवाय व्हिसा नाही, आणि ते नसेल तर विमानतळावरूनही आत सोडत नाहीत. चंदनने ते तीनदा वाचलं. मग, जे आधी करायचं ते, त्यानं आता शोधलं. ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, देशात मोजक्याच केंद्रांवर मिळते. आपल्याला जवळचं ते नागपूरचं सरकारी केंद्र. आणि सुई टोचल्यावर दहा दिवस गेल्याशिवाय कार्ड लागू होत नाही. मिस्त्रींचं विमान सव्वीस तारखेचं. म्हणजे फार तर सोळाला टोचलं पाहिजे. पंधरा-सोळा शनिवार-रविवार. गुरुवारी नागपूरला ही लस देत नाहीत. उरला एक शुक्रवार, चौदा तारीख.

मिस्त्रींना तिकडं मशीन चालू करून द्यायला पाठवणाऱ्या कंपनीला त्यानं फोन करून पाहिला. तिकडून सांगण्यात आलं की युगांडात कापूस निघायला लागलाय, नवी जिन बसवून उभी आहे, तारीख हलणार नाही. मिस्त्रींचं जमत नसेल तर दुसरा माणूस तयार आहे.

दुसरा माणूस. हे दोन शब्द मिस्त्रींना कसे सांगायचे, ते चंदनला कळेना. कारण दुसऱ्या माणसाची गोष्ट त्याला ठाऊक होती. त्या बाजूच्या सगळ्यांनाच होती.

अब्दुल गफ्फार मिस्त्री हे बाळापूरचे. चाळीस वर्षं जिनिंगमध्ये फिटर. कापसातून रुई एकीकडं आणि सरकी एकीकडं करणारी ती मशीन, तिच्या रोलर आणि चाकूमधलं अंतर दुसरे लोक पट्टी लावून मोजतात. मिस्त्री डोळे मिटून आवाज ऐकतात आणि सांगतात, डावीकडं केसभर दाबा. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत हंगामात एखादी जिन अडली की मालक आधी त्यांना फोन करायचे, मग देवाला. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांच्या तेव्हाच्या मालकानं टांझानियाला मशिनी विकल्या. त्या चालू करून द्यायला गफ्फारच जाणार हे ठरलेलं. पण निघायच्या वेळी कळलं की गफ्फारजवळ पासपोर्टच नाही. मग मालकाचा मेहुणा गेला. त्याच्याजवळ पासपोर्ट होता, मशीनची अक्कल नव्हती. तो दोन महिने राहून, दोन मशिनी बिघडवून आणि जिराफासोबत एक फोटो काढून परत आला. तो फोटो फ्रेम करून जिनिंगच्या ऑफिसात लावला गेला. पगार घ्यायला मिस्त्रींना पंधरा वर्षं त्या जिराफाखाली उभं राहावं लागलं.

त्याच साली त्यांनी पासपोर्ट काढला. मुदत संपली की दुसरा, मग तिसरा. दर दहा वर्षांनी चौकशीला येणारा पोलीस विचारायचा, कुठं चालले चाचा? मिस्त्री म्हणायचे, कुठंच नाही, पण आता कोणी विचारलं तर नाही म्हणायचं नाही. तिन्ही पासपोर्ट कोरे. त्यांची बायको हाजराबी ते कपाटात लग्नाच्या शालूखाली ठेवायची आणि म्हणायची, दोन्ही एकदाच वापरायच्या गोष्टी. शालूचा तरी एकदा उपयोग झाला.

चंदन मोटारसायकल काढून थेट बाळापूरला गेला. फोनवर कबूल करायची त्याची हिंमत नव्हती, आणि समोर कबूल करायचीही नव्हती, पण पेट्रोल जळून गेलं होतं. अंगणात मिस्त्री पान्हे तेलाच्या फडक्यानं पुसत बसले होते, जणू युगांडाचे लोक आधी पान्हेच तपासणार. चंदनने सगळं सांगितलं. कोरोनाचं सर्टिफिकेट, दहा दिवस, शुक्रवार, दुसरा माणूस. काही लपवलं नाही. हाजराबीनं हातातली परात खाली ठेवली.

मिस्त्रींनी एक पान्हा पूर्ण पुसून झाल्यावर विचारलं, "म्हंजे माळ चालत नाई तिकडं?"

"नाही चालत, चाचा."

"अन् हे तुले कालपरवा नाई वाचता आलं."

"वाचता आलं. कळलं नाही."

"आता त्या शटरले मी कावून हात लावू, सांग बरं."

मिस्त्रींनी पान्हा पिशवीत टाकला आणि शुक्रवारी गाडी किती वाजता आहे ते विचारलं. माणूस रागावला असता तर सोपं गेलं असतं, असं चंदनला वाटलं. त्यानं तिथूनच नागपूरला फोन लावला. शुक्रवारी लस होती, नाव लिहून घेतलं, आणि शेवटी वय विचारलं. पासपोर्टवर एकसष्ट. साठीच्या वर असेल तर डॉक्टरचं फिटनेसचं पत्र आणा, नाहीतर टोचता येणार नाही, असं तिकडून सांगितलं.

मिस्त्री खरे अठ्ठावन्नचे. थोरल्या भावासोबत एकाच वर्गात बसले तर पुस्तकांचा एकच संच पुरेल, म्हणून त्यांच्या वडिलांनी उर्दू शाळेत नाव घालताना वय तीन वर्षं वाढवून सांगितलं होतं. तेव्हा वाचवलेल्या पुस्तकांची किंमत आज अशी वसूल होत होती. "बापानं भूगोलाचं पुस्तक वाचवलं," मिस्त्री म्हणाले, "म्हनून तर मले युगांडा कुठी हाय ते मालूम नव्हतं." गुरुवारचा दिवस अकोल्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढण्यात आणि पत्र मिळवण्यात गेला. पत्र मिळालं.

शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं दोघं निघाले. केंद्रावर आठ-दहा लोक आधीच बसलेले. कोणी जहाजावर जाणारा, कोणी शिकायला जाणारा. नर्सनं मिस्त्रींना एक कागद भरायला दिला. चंदनने या वेळी एकेक शब्द बोट ठेवून वाचला आणि जिथं शंका आली तिथं उठून विचारून आला, चार वेळा. अंड्याची ॲलर्जी आहे का, असाही एक प्रश्न होता. मिस्त्री म्हणाले, लिही, अंड्याले माही ॲलर्जी असंल, मी त्याले सोडत नाई.

इथपर्यंत ठीक होतं. मग ब्लडप्रेशर घेतलं आणि ते एकशे ऐंशीच्या वर निघालं. डॉक्टर बाईंनी पत्र पाहिलं, मिस्त्रींकडं पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की अर्धा तास बसा, पुन्हा घेऊ. इतकं राहिलं तर आज टोचणार नाही.

चंदनने विचारलं, चाचा, प्रेशरची गोळी विसरले का. मिस्त्री मान खाली घालून म्हणाले, "मले सुईचं भेव वाटते."

चाळीस वर्षं फिरत्या चाकूंच्या मधे बोटं घालणारा माणूस. चंदनला हसू आलं होतं, पण घड्याळ पाहिल्यावर ते गेलं. त्यानं पाणी आणलं. मग क्रिकेटचा विषय काढला, मग राजकारणाचा, आणि राजकारणानं प्रेशर वाढतं हे लक्षात येऊन तो अर्ध्यात सोडला. मिस्त्रींचे हात मांडीवर तसेच आवळलेले.

दहा-बारा मिनिटांनी चंदनला दिसलं की मिस्त्रींनी डोळे मिटलेत आणि मान डाव्या बाजूला कलती झालीये. तो घाबरून उठला. पण मिस्त्री ऐकत होते. भिंतीवरचा पंखा खट-खट करत होता. केंद्रातल्या कोणाला ते ऐकूही येत नसेल.

"मागची जाळी ढिल्ली हाय," ते डोळे न उघडता म्हणाले. "मोटर चांगली हाय. जाळीनं बदनाम करून ठेवली बिचारीले."

शिपाई काही म्हणायच्या आत त्यांनी बटण बंद केलं, खुर्चीवर चढले, खिशातून एक नाणं काढलं आणि त्याच्या कडेनं दोन स्क्रू आवळले. खाली चंदन खुर्ची धरून उभा. शिपाई म्हणाला, काका, हे सरकारी आहे. मिस्त्री म्हणाले, मंग हळू आवळतो. बटण दाबलं, पंखा फिरला, आवाज नाही. मिस्त्री खाली उतरले, हात झटकले आणि काम झाल्यावर माणूस जसा चहाची वाट पाहत बसतो तसे बसले. नर्स आली, पट्टा गुंडाळला. एकशे चव्वेचाळीस.

सुई टोचताना त्यांनी पंख्याकडंच पाहिलं. झालं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा नर्स कापूस दाबत होती. त्यांनी तो कापूस पाहिला आणि हळूच म्हणाले, आखूड धाग्याचा हाय.

पिवळं कार्ड हातात आल्यावर चंदनने त्यावरचं नाव, पासपोर्टचा नंबर आणि तारीख तीनदा ताडून पाहिली.

परतीत बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा अमरावतीला दिलेली मिस्त्रींची मुलगी माहेनूर फलाटावर डबा घेऊन उभी होती. लहानपणी वडिलांचं जेवण पोचवायला ती जिनिंगमध्ये जायची. तो जिराफ तिनंही पाहिला होता. तिनं डबा खिडकीतून दिला आणि आधी कार्ड मागितलं. ते उलटून पालटून पाहिलं, परत दिलं आणि चंदनला म्हणाली, "भाऊ, यावेळी बराबर लावशील ना?" तेवढ्यात गाडी हलली.

त्यानं बरोबर लावलं. बुधवारी, एकोणीस तारखेला व्हिसा आला. चंदनने त्याच्या तीन प्रती काढल्या, एक मिस्त्रींच्या पाकिटात, एक बॅगेत, आणि एक हाजराबीकडं. शालूखाली ठेवा म्हणाला. ती म्हणाली, आता शालूखाली कायले, आता तर मी दारावर चिटकवीन.

सत्तावीस तारखेला दुपारी चंदन एका बाईचा रेशनकार्डाचा फॉर्म भरत होता तेव्हा फोन वाजला. फोटो आला होता. पासपोर्टचं पान, आणि त्यावर शिक्का, थोडा तिरपा, एका बाजूनं शाई कमी. सत्तावीस वर्षं आणि तीन पासपोर्टांनंतरचा पहिला. त्यानं तो त्या बाईलाही दाखवला. तिनं विचारलं, हे रेशनचं आहे का. तो म्हणाला, नाही, हे आपल्या माणसाचं आहे.

मग मिस्त्रींचा आवाज आला, मागं बराच गलका. विमानतळावरच्या साहेबानं बाकी काही विचारलं नाही, आधी पिवळं कार्डच मागितलं, असं ते सांगत होते. जिराफ अजून दिसला नाही, दिसला तरी फोटो काढणार नाही. उद्या मशीन पाहायची आहे. आणि सगळ्यात शेवटी:

"चंदन, तुयं शटर तेवढं राहून गेलं रे. आल्यावर पायतो. तोवर वाकत जाय, तुले त्याची गरज हाय."

चंदनने फोन ठेवला आणि बाईसाठी झेरॉक्सचा कागद आणायला बाहेर निघाला. वाकून.