माहेरच्या कापडाची गोधडी

फुलाबाईचा टाका बघायचा आणि मग पेरणीच्या पाभरीनं रानात ओढलेलं तास बघायचं. तास वाकडं वाटेल. असला हात होता बाईचा! नशीब मात्र असलं, की वैऱ्याच्या पोरीलाही लाभू नये.

ती सुप्याची. माळावरची, कोरडवाहू रानातली. दिली ती इकडं इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या पाण्यावरच्या गावात. सोयरीक ठरली तेव्हा सुप्याच्या बायांनी तोंडात बोटं घातली. पोरीनं नशीब काढलं म्हणाल्या, बारमाही पाणी, बारमाही भाकर. पण बारमाही पाण्याला बारमाही राबणारं माणूस लागतं, हे त्या बापड्यांना काय ठाऊक? कोरडवाहू रान चार महिने राबवून घेतं आणि मग पाठ टेकू देतं. बागायत पाठ टेकू देत नाही. ऊस आवरला की वांगी, वांगी आवरली की मिरची, आणि बारामतीच्या बाजाराच्या आदल्या दिवशी पाट्या भरायला घरातल्या बायाच. शिवाय खाणारी तोंडं म्हणाल तर पंगत उठता उठायची नाही. नवरा महिपती, त्याचे भाऊ, भावांची पोरं, लग्नाला आलेली नणंद रतन, वर दोन गडी. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर सासू बनाबाई. बनाबाई ओरडली की गोठ्यातली म्हैस पान्हा चोरायची.

मग या रामरगाड्यात गोधड्या शिवायच्या कधी? सुनेच्या हातात कला आहे हे बनाबाईला पहिल्याच वर्षी कळलं होतं. कलेला वेळ लागतो हे कळून घ्यायची तिला काही निकड नव्हती. "दळण झाल्यावर शिव," म्हणायची. दळण झालं की "धुणं झाल्यावर." धुणं वाळत पडायच्या आत रानातून हाक यायची. म्हणून फुलाबाई वेळ चोरायची. सुई कायम चोळीच्या बाहीला टोचलेली. पाण्याची पाळी आली की बांधावर बसून एक सरी भरेस्तवर ती दोन ओळी टाके घालायची. चुलीवर आधण ठेवलं की ते उकळेस्तवर घालायची. पोर पाजताना एका मांडीवर पोर आणि दुसऱ्या मांडीवर गोधडी. एकदा शिवण्याच्या नादात भाकर करपली, तर बनाबाईनं ती कोळसा झालेली भाकर तिलाच खायला लावली आणि वर कालवण वाढलं नाही. फुलाबाईनं ती पाण्यात बुडवून खाल्ली.

आणि एवढं करून शिवलेली गोधडी जायची कुठं? एक गेली पाटकऱ्याला, म्हणजे पाणी रात्रीचं न मिळता दिवसाचं मिळावं. एक थोरल्या नणंदेला, बाळंतपणात. एक इंदापूरच्या व्याह्याला, का, तर जेवून उठताना तो नुसता "झकास शिवलीय हो" म्हणाला म्हणून. देताना बनाबाई छाती पुढं काढून म्हणायची, "आमच्या घरची हाय." घरात सगळ्यांच्या अंगाखाली फुलाबाईचे टाके, आणि फुलाबाई स्वतः निजायची पोत्यावर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शेवटी तिनं एक गोधडी स्वतःसाठी धरली. हिच्यात या घरची एक चिंधी घालायची नाही, हे तिनं आधीच ठरवून टाकलं होतं. आई मेली तेव्हा भावानं, रामहरीनं, आणून दिलेलं आईचं विटकं लुगडं होतं. तिचं स्वतःचं लग्नातलं हिरवं होतं. दिवाळीचे खण होते, आणि गोवरानं गेलेल्या एकुलत्या एका पोरीची दोन झबली होती. कडेकडेनं आत, आत, मधोमध येईस्तवर तिला काही वर्षं लागली. झाली त्या रात्री ती अंगावर घेऊन निजली आणि पहाटे उठायला उशीर झाला. जन्मात पहिल्यांदा!

बनाबाई उठवायला आली ती गोधडी बघून तिथंच थांबली. वाकून हात फिरवला.

"ही रतनच्या रुखवतात मांडायची," ती म्हणाली.

फुलाबाई उलटून बोलणारी बाई नव्हे. त्या दिवशी बोलली. "आत्याबाई, ही न्हाय. ह्यात समदं माझ्या माहेरचं कापड हाय. ही माझ्या अंगावर ऱ्हाऊ द्या."

"कापड माहेरचं असंल. दोरा कुणाचा? शिवायला बसलीस ती भुई कुणाची? आन तू गं कुणाची?"

फुलाबाईनं गोधडी छातीशी धरली आणि मान हलवली. दारात दात घासत उभा असलेला महिपती कधी नव्हे ते मध्ये पडला. "ऱ्हाऊ दे की आये. रतनला दुसरी शिवंल." बनाबाईनं लेकाकडं असं बघितलं, की त्यानं चूळ भरायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. पण गोधडी तेवढी वाचली.

ही गोष्ट पस्तीस साली दिवाळीच्या आगेमागे घडली. पौषात फुलाबाईला हिवतापानं धरलं. कालव्यानं ऊस आणला तसे डासही आणले, आणि कालव्याकाठच्या त्या गावांत घरटी एक माणूस कुडकुडत असायचं. दिवसाआड थंडी भरायची, दातावर दात वाजायचे. बारामतीच्या दवाखान्यात कोयनेलच्या गोळ्या मिळत, पण उसाची गाडी सोडून सुनेला घेऊन जायचं कोणी? ताप उतरला की ती चुलीपुढं बसायची, चढला की गोधडीत शिरायची. त्या आईच्या लुगड्याच्या उबेत तिला जरा बरं वाटायचं. मग एक दिवस ताप उतरला, पण ती उठली नाही. गावचा वैद्य तात्याबा आला, नाडी धरून बसला आणि बाहेर येऊन म्हणाला, "सुप्याला सांगावा धाडा."

आता रीत अशी, की ज्या अंथरूण-पांघरुणात माणूस मरतं, ते घरात ठेवायचं नाही. ते गावच्या येसकराला, म्हणजे महारवाड्यात, द्यायचं. म्हणून हुशार बाया काय करायच्या? जीव जायच्या आधीच चांगलं अंथरूण काढून घ्यायच्या आणि फाटकं सरकवायच्या. वर धर्माचं नाव होतंच की!

"भुईवर घ्या गं तिला," बनाबाई म्हणाली. "भुईवर मरण आलं की सोनं हुतं."

काय पण माया! महिपतीनं खांदे धरले, रतननं पाय. फुलाबाईला सारवलेल्या गार भुईवर ठेवलं आणि गोधडी निघाली. तिच्या जागी आलं घोंगडं, तेही वाळवीनं चाळण केलेलं. फुलाबाईला सगळं कळत होतं. पापण्या जड झाल्या होत्या, पण कान शाबूत होते. पेटीचं झाकण उघडल्याचं तिनं ऐकलं, आणि मिटल्याचंही.

"आत्याबाई," तिनं कसंबसं म्हटलं, "थंडी वाजतीया."

"सोसायचं, बाई. आता थोडंच ऱ्हायलंय."

दुपारी येसकर सोपान आला. अंगणात उभा राहून "रामराम" म्हणाला. पूर्वी तो जोहार घालायचा. ते त्यानं सोडलं होतं आणि बनाबाईला ते अजून डाचत होतं.

"सुप्याला सांगावा ने," ती म्हणाली. "आन मागनं अंथरूण घ्यायला ये. घोंगडं हाय."

"सांगावा नेतो," सोपान म्हणाला. "भावाला भईण जिती दिसाय पायजे. पन अंथरूण न्हाय घ्यायचो. आमच्या वाड्यानं ठरवलंय, मेल्याचं कापड आता कुनी आनायचं न्हाय."

"चांगलं असलं तरी?"

"जरीचं असलं तरी." एवढं बोलून तो तरातरा निघून गेला.

भुईवर फुलाबाईच्या अंगात एकदम जीव आला. म्हणजे आता कोणी नेणार नाही! मग पेटीत ठेवायचं कारणच काय उरलं? आता देतील. तिनं दाराकडं मान वळवली. महिपतीलाही ते सुचलं, देवानं बुद्धी दिली म्हणायची.

"आये, मग घाल की तिच्या अंगावर. येसकर न्हेत न्हाय म्हंतोय."

"येसकर न्हेत न्हाय, म्हनून मढ्यावरची गोधडी रुखवतात मांडू व्हय? सोयरं काय म्हंतील? घडी घातलीया, ऱ्हाऊ दे तितंच."

महिपती वैरण टाकायला उठला. बायकोसाठी तो दोनदा बोलला होता, तिसऱ्यांदा बोलायला लागणारं काळीज त्याच्याकडं नव्हतं. फुलाबाई दाराकडं बघत राहिली. मग तिला थंडी भरून आली आणि घोंगड्याखाली तिचा देह थडथड उडू लागला. घरातली माणसं जेवायला बसली.

तशी रात्र तिनं काढली. कशी काढली ते तिचं तिला माहीत. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना वेशीकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. बनाबाई ताडकन उठली.

"रतन, भाऊ आला तिचा! पेटी उघड, पेटी! घोंगडं उचल."

आणि गोधडी आली. मानेपर्यंत नीट, कडा सारख्या करून घातली. फुलाबाईला आधी वास कळला, आईच्या लुगड्याचा, मग ऊब. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

रामहरी धावतच आत आला, बहिणीच्या उशाशी बसला, गोधडीवरून हात फिरवत राहिला. "आक्का, मी आलोय," म्हणाला. मग बनाबाईकडं वळून त्यानं हात जोडले. "किती जपलंय तुमी हिला. तुमचं उपकार कसं फेडू?"

फुलाबाईला सांगायचं होतं. ओठ हलले, जीभ हलली नाही.

"जा, पाय धू, दोन घास खा," बनाबाई मायेनं म्हणाली. "लांबनं आलायस."

तो परसात गेला, तशी ती वाकली. "काढ बेगीनं. भगितलंय त्यानं." तिनं गोधडी ओढली. गोधडी येईना. फुलाबाईच्या उजव्या हाताची मूठ कोपऱ्यावर आवळली होती. जिला घोटभर पाणी गिळता येत नव्हतं तिच्या मुठीत एवढं बळ!

"सोड गं. सोड म्हंते न्हवं!"

बनाबाईनं हिसका दिला, रतननं बोटं उकलायला घेतली. एक उकललं की दुसरं मिटायचं. फुलाबाई सासूकडं डोळे उघडे ठेवून बघत होती, आणि बघता बघता ते डोळे बघायचे थांबले. मूठ तशीच राहिली.

"आये," रतन घाबरून म्हणाली, "गेली गं ती. मला नगं ही गोधडी."

"गप. कुनी भगितलंय? इळा आन."

विळ्यानं मुठीच्या कडेनं कोपरा कापला. गोधडी पेटीत गेली, घोंगडं अंगावर आलं आणि मग बनाबाईनं हंबरडा फोडला. रामहरी ओल्या पायांनी आत आला; बहिणीच्या अंगावर आता काय आहे हे बघायचं भान त्याला कुठलं! रडून रडून त्याचा आवाज बसला, तेव्हा कुठं त्याचं बहिणीच्या हाताकडं लक्ष गेलं.

"आक्काच्या मुठीत काय हाय?"

"तुमच्या आईच्या लुगड्याची चिंधी, बाबा," बनाबाई पदरानं डोळे टिपत म्हणाली. "लई जीव हुता तिचा त्याच्यावर. सोडंचना बग."