संत्र्यांच्या सभेत माझी 'नवी जात'

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मधेच दात काढलेत तर पुढ्यातला चहा उचलून नेईन, सांगून ठेवते! आणि माझी जी फजिती झाली तीत चूक माझी होती का, ते तुम्ही ठरवा. मी तर मानत नाही.

मी अकोल्यात कॉलेजला प्राणिशास्त्र शिकवते. माकडाचा माणूस कसा झाला, हे फळ्यावर काढून काढून हात दुखले. एक दिवस वाटलं, अहो, पण पुढे काय? माणूस काय इथेच थांबणार? म्हणून कादंबरी लिहिली. विज्ञानकादंबरी! हजारो वर्षांनंतरचं वऱ्हाड. ऊन असं, की आपला मे महिना त्यांना गारठा वाटावा. आणि त्या उन्हात घडत गेलेली माणसं : जाड कातडीची, आखूड पायांची, पाणी जेमतेम पिणारी. नाव ठेवलं, 'नवी जात'.

प्रकाशक दचकला. "मॅडम, जात म्हटलं की लोक अंगावर येतात. 'प्रजाती' करा."

म्हटलं, "येऊ द्या अंगावर. नाव हेच राहील."

राहिलं!

घरी मात्र वनिताताई, माझ्या थोरल्या नणंदबाई. "वहिनी, पुस्तक चांगलंच असन. पण वाचीन कोण?" हे एकदा नाही हो, येता-जाता!

अशात शेंदूरजनाघाटहून फोन आला. गजाननभाऊ, तिथल्या संत्रा बागायतदारांचे पुढारी.

"मॅडम, पेपरात पाह्यलं. तुमची नवी जात उन्हाले दाद देत नाई म्हणे! आमच्या लोकाईले येऊन सांगा ना. सारा गाव आयकाले बसीन."

आता मी काय समजावं? संत्रेवाल्यांनी कादंबऱ्या वाचू नयेत, असा कुठे नियम आहे? मी वनिताताईंना मुद्दाम गाडीत घातलं. "चला, माझे वाचक दाखवते!"

हॉल गच्च भरलेला. ताईंना पहिल्या रांगेत बसवलं. स्टेजवरच्या टेबलावर फुलदाणीऐवजी पानांसकट संत्र्याची फांदी. म्हटलं, काय ही रसिकता!

मी सुरू केलं. "नव्या जातीला पाणी अगदी कमी लागतं. एकदा मिळालं की पंधरवडाभर चिंता नाही."

टाळ्या! कॉलेजात आजवर वाजल्या नाहीत इतक्या.

मागून आवाज आला, "साल कशी हाय?"

गावाकडची थट्टा समजून मीही म्हटलं, "जाड! उन्हाचा चटकाच लागत नाही."

पुन्हा टाळ्या. मग पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे, नामदेवकाका, उठले. "डिंक्या येते का मॅडम?"

डिंक्या म्हणजे संत्र्याच्या खोडातून डिंक गळतो तो रोग, हे मला आज माहीत आहे. तेव्हा वाटलं, इकडचा एखादा ताप असेल. "काका, कोणताच रोग येत नाही!"

शिट्ट्या वाजल्या हो, शिट्ट्या!

"अन् फळ कवा धरते?"

फळ! मी विरघळलेच. मूल होण्याला किती गोड शब्द! "उशिरा," मी म्हटलं. "तिशी ओलांडल्यावर."

टाळीसाठी उचललेले हात हवेतच राहिले.

"तीस वर्षं? तवरोक आमी काय पाला खावाव?"

"अन् धरते किती?"

"एक. फार तर दोन."

"एका झाडाले दोन संत्रे?"

झाडाले? संत्रे? मी गजाननभाऊंकडे पाहिलं. गजाननभाऊंनी माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं, पहिल्यांदाच.

"मॅडम, हे कशाचं हाय?"

"माणसाचं."

"मानसाचं?"

भल्या माणसाने बातमीचा फक्त मथळा वाचला होता. अकोल्यात कृषी विद्यापीठ, तेव्हा अकोल्याची प्राध्यापिका म्हणजे शेतीचीच, हे त्याने धरूनच टाकलेलं!

हॉलमध्ये जो हशा पिकला म्हणता! वनिताताईंनी तोंडात पदर कोंबला. गजाननभाऊ कानाशी आले. "मॅडम, तुमी चहा घ्या. मी दुसऱ्या कोणाले उभं करतो."

इथेच माझं डोकं फिरलं. त्या स्टेजवरून उतरले असते, तर ताईंच्या नजरेतून जन्मभरासाठी उतरले असते. माईक घट्ट धरला आणि कॉलेजातली भाषा गेली खड्ड्यात.

"मी नाई उतरत! तुमीच बोलावलं, आता आयका. संत्र्याच्या जातीसाठी एवढ्या उन्हात जमा झाले, अन् मानसाची जात बदलून राहिली त्याचं कोणालेच काई नाई? झाड सुकलं त दुसरं लावता. आपन सुकलो त आपल्याले कोण लावीन?"

मग मी तिसरं प्रकरण उभ्याने सलग वाचलं. एकही माणूस उठला नाही. (दारात कोणीतरी जीप आडवी लावली होती, असं ताई म्हणतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.) वर वादही झाला. "पाय आखूड त झाडावर चढीन कोण?" "पाणीच पेत नाई त मंग चहाचं काय?" एकेकाला उत्तर दिलं. हटले नाही!

निघताना नामदेवकाकांनी एक प्रत मागून घेतली. अकोला येईपर्यंत ताई गप्प होत्या. यापेक्षा मोठा पुरस्कार कोणता?

काही दिवसांनी काकांचा फोन. ताई घरीच होत्या, मी मुद्दाम स्पीकर लावला.

"मॅडम, पुस्तक वाचलं. दोनदा."

दोनदा! माझ्या नवऱ्याचं अजून अर्धं व्हायचंय! मी ताईंकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"कसं वाटलं, काका?"

"लय हुशार हाय तुमी! मानसाचं ते फक्त वरवर. मी ओयखलं ना! जात कोणी चोरू नये म्हणून संत्र्याले मानूस केलं तुमी. तिसरा धडा त सरळ कलमाचाच हाय."

"काका, ते लग्न आहे त्यांचं..."

"असू द्या, असू द्या. मी कोणापाशी बोलत नाई. फक्त खड्डा किती खोल घ्याव, तेवढं लिहाचं राहून गेलं तुमचं."

ताई पदर शोधायला लागल्या.

आता मी कोण? प्रकाशकाला न जुमानणारी. भरल्या हॉलसमोर माईक न सोडणारी. ठणकावून सांगणारच होते, की काका, ही कादंबरी आहे, माणसाची!

पण दोनदा वाचणारा वाचक हो. अख्ख्या जगात एकुलता एक. तो हातचा घालवू?

म्हटलं, "मांडीएवढा घ्या, काका. आणि शेणखत भरपूर टाका."