गेटवर मला का उभं केलं

"निळं तुमच्या हातानं निघालं तर वाद होणार नाही, मॅडम."

मुख्याध्यापक हे चहा ढवळता ढवळता बोलले. आवाज चढवला नाही. मला बसायला खुर्ची दिली, माझ्यासाठीही चहा मागवला. प्रार्थनेची घंटा अजून व्हायची होती. केबिनमध्ये आम्ही तिघंच. ते, पीटीचे सर आणि मी. पीटीचे सर खिडकीतून मैदानाकडं बघत होते. काही ऐकलंच नाही असे.

मी त्या शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत होते. कंत्राटावर. जातीचा विषय तिथं कुणी माझ्यासमोर कधी काढला नव्हता. डबा सगळ्यांबरोबर खायचे. संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाणही मिळायचं. मला वाटायचं, यांना माहीत नसेल. किंवा माहीत असून सोडून दिलं असेल. त्या एका वाक्यात कळलं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गरज पडेपर्यंत नुसतं जपून ठेवलं होतं.

मी काय म्हणाले? "हो सर" म्हणाले. आणि चहा प्याले.

त्या दिवसांत कोल्हापूर तापलेलं होतं. कुणाच्या तरी मोबाईलवरच्या स्टेटसवरून दगड पडले, दुकानं बंद झाली, नेट बंद झालं. शहर शांत झालं तरी पोरं शांत झाली नव्हती. दप्तरांवर झेंडे आले. सायकलींवर स्टिकर आले. भगवे, हिरवे, निळे. आठवीच्या वर्गात बाकावर कुणी काय कोरलं यावरून दोन पोरांची डोकी फुटायची वेळ आली. मग संस्थेनं नोटीस काढली. गणवेशावर, दप्तरावर, सायकलीवर कोणतंही धार्मिक, जातीय, राजकीय चिन्ह चालणार नाही. सकाळी गेटवर तपासणी होईल.

खरं सांगते, नोटीस वाचून मला बरं वाटलं होतं. शाळेत पोरांनी पोरांसारखं यावं, एवढंच मला दिसलं. तपासणी कोण करणार आणि कुणाची करणार, हा प्रश्न मला पडला नाही. इतिहासाच्या बाईला पडायला हवा होता.

मी जयसिंगपूरजवळच्या खेड्यातली. आम्ही बौद्ध. वडील जयसिंगपूरच्या बाजारात हमाली करायचे. लहानपणी जयंतीला विहारात निळे बिल्ले वाटायचे, मधे पांढरं चक्र असलेले. तो छातीला लावून आम्ही गावभर हिंडायचो. उतरवायला जीव होत नसे. आई झोपेत काढून घ्यायची, पिन टोचेल म्हणून.

बी.एड.ला कोल्हापुरात आले तेव्हा वडील म्हणाले, "आधी नोकरीचं बघ. बिल्ला काय पळून जात न्हाय." मी त्यातलं पहिलंच वाक्य धरून ठेवलं. राजारामपुरीत खोली बघायला गेले. माझं आडनाव मराठ्यांतही आहे, आमच्यातही आहे. घरमालकिणीनं पुढं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. खोलीत भिंतीवर एकही फोटो लावला नाही. मोबाईलवर फुलाचं चित्र. जयंतीला गावी जायचे, पण तिथला फोटो कुठं टाकायचे नाही. हळूहळू बोलणंही बदललं. आमच्याकडच्या बायकांसारखं 'मी गेलतो' म्हणणारी मी 'गेले होते' म्हणायला लागले. हाय, न्हाय गेलं. आहे, नाही आलं.

म्हणजे माझा बिल्ला मीच उतरवून ठेवला होता. कुणी गेटवर उभं राहून मागितलाही नव्हता.

केबिनमधल्या त्या चहाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पीटीचे सर. माझ्या हातात प्लास्टिकचा ट्रे. एक मुलगा लांबूनच आम्हाला बघून थांबला. पाण्याच्या बाटलीवर चांदताऱ्याचा स्टिकर होता. त्यानं तो तिथंच नखानं खरवडून काढला आणि मग बाटली पुढं करून दाखवली. आम्ही मागायच्या आधी. पीटीचे सर म्हणाले, "शाब्बास." मी मान हलवली.

कपाळाला गंध लावलेली पोरं आली. मनगटाला भगवा पट्टा बांधलेली आली. सरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारून आत सोडलं. मी बघितलं. मी बघतेय, हे सरांनीही बघितलं. म्हणाले, "ते घरच्या संस्काराचं असतंय, मॅडम. त्याला चिन्ह म्हणायचं न्हाय."

मी ट्रे पुढच्या पोराकडं केला.

मग श्रावस्ती आली.

सातवीतली. माझ्या वर्गातली. काटकुळी, तेल लावून घट्ट दोन वेण्या घातलेली. इतिहासाच्या तासाला सगळ्यात जास्त प्रश्न तिचे. राजाचं नाव सांगितलं की ती विचारायची, "मग किल्ला बांधला कुणी, मॅडम?" कोल्हापूरच्या पोरींसारखी बोलायची, "मी गेलतो, मी बघितलो." वर्ग हसायचा. मी तिला दरवेळी दुरुस्त करायचे. 'गेले होते' म्हण. ती म्हणायची, आणि पुढच्या वाक्यात पुन्हा 'गेलतो'.

तिच्या ट्युनिकच्या खिशावर निळा बिल्ला होता.

मी म्हणाले, "काढ तो."

ती हसली. तिला चेष्टा वाटली. मग पीटीच्या सरांकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "मॅडम, तुम्ही बी आमच्यातल्याच हाय न्हवं?"

तिला कुणी सांगितलं होतं, ठाऊक नाही. घरी बोलणं झालं असेल. आमची बाई आहे शाळेत, असं कुणीतरी अभिमानानं म्हटलं असेल.

मी म्हणाले, "शाळेत आमचं-तुमचं काही नसतं."

वाक्य माझ्या तोंडून आलं, पण चाल मुख्याध्यापकांची होती. तशीच गोड. मागं रांग थांबली होती. ती बिल्ल्याला हात लावेना. मग मीच हात पुढं केला. पिन अडकली होती. मी ओढली. खिशाचा कोपरा उसवला, आतलं पांढरं अस्तर दिसायला लागलं. बिल्ला मी ट्रेमध्ये टाकला.

ती रडली नाही. खिशावर तळवा ठेवला आणि आत गेली. माझ्या तासालाही तसाच तळवा. एका हातानं लिहीत होती, दुसरा हात खिशावर. त्या दिवशी तिनं एकही प्रश्न विचारला नाही. मी धडा शिकवला. काय शिकवलं ते आज आठवत नाही.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी मला जिन्यात थांबवून शाबासकी दिली. बघा, काही आवाज झाला का, म्हणाले.

त्यानंतर श्रावस्ती शाळेत आली नाही. आजारी असेल, असं मी आठवडाभर स्वतःला सांगितलं. खोटं आहे हे कळत होतं. रविवारी तिच्या घरी गेले. राजारामपुरीच्या मागं चढाला वस्ती आहे. तिथं दोन गल्ल्या विचारत गेले. जाताना वाटत होतं, तिची आई ओरडेल. दोन शब्द सुनावेल. बरं होईल, मला तेच पाहिजे होतं.

तिची आई एका दवाखान्यात आया आहे. रात्रपाळी करून आली होती, डोळे तांबारलेले. मला बघून ती घाबरली. खुर्ची पुसली, पंखा लावला. आणि मी काही बोलायच्या आत हात जोडले.

"चुकलं पोरीचं, मॅडम. पुन्हा न्हाय लावणार. शाळंतनं नाव काढू नका."

माझ्यापुढं हात जोडलेली ती बाई माझ्या आईच्या वयाची होती. माझी आईसुद्धा शेतमालकापुढं असेच हात जोडायची, ते मी दारात उभी राहून बघितलंय. आता मी खुर्चीत बसले होते.

मी म्हणाले, चूक तिची नाही, माझी आहे. तिच्या आईला ते पटलं नाही. शाळेच्या बाईची चूक असू शकते, हे तिच्या कानाला नवीन होतं. ती चहा ठेवायला उठली. श्रावस्ती आतल्या दाराशी उभी होती. मी तिला हाक मारली. ती आली नाही, गेलीही नाही. भिंतीकडं बघत राहिली.

मी तिची माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं. शाळेत ये, म्हणाले. तिनं मान हलवली, नाही.

आई आतून म्हणाली, "आठवडाभर एकच बोलती हाय. ये गं, सांग की मॅडमला."

मग ती बोलली. भिंतीकडंच बघत. "सरांनी काढला असता तर मी भांडलो असतो. तुमच्यासंगं कसं भांडू?"

तिच्या तोंडून ते ऐकलं आणि मला केबिनमधलं वाक्य सगळं समजलं. मी विश्वासू आहे म्हणून मला गेटवर उभं केलं नव्हतं. या पोरीला भांडता येऊ नये म्हणून उभं केलं होतं. तिच्याकडं शब्द होते, हिंमत होती. समोर आपलंच माणूस उभं केलं की दोन्हीही घशात अडकतात, हे त्यांना नीट ठाऊक होतं. मलाच ठाऊक नव्हतं. आणि मी 'गेले होते' म्हण, असं तिला शिकवत होते.

चहा घेतला. उठले. श्रावस्ती मला सोडायला दारापर्यंत आली नाही.

सोमवारी मी गेटवर गेले. ट्रे घेतला नाही. पीटीच्या सरांनी शिपायाला हाक मारून तो आणवला आणि माझ्यापुढं धरला. मी म्हणाले, आजपासून मी तपासणी करणार नाही. ते हसले. कंटाळा आला काय, म्हणाले. तेवढ्यात मनगटाला भगवा पट्टा बांधलेला एक मुलगा समोर येऊन उभा राहिला. पाचवी-सहावीतला असेल. आमचं बोलणं ऐकून गोंधळला आणि स्वतःच पट्ट्याची गाठ सोडायला लागला. मला क्षणभर बरं वाटलं. हेही सांगायला हवं. वाटलं, सोडू दे की. एकदा यांचंही निघू दे. मग त्याची बोटं बघितली. घाईत त्याला गाठ सुटत नव्हती. मी त्याला म्हणाले, "राहू दे बाळा. जा आत."

त्याचा पट्टा घेऊन श्रावस्तीला काय मिळणार होतं? मला कुणा पोराच्या अंगावरून काही ओढायचं नव्हतं. निळंही नाही, भगवंही नाही.

मुलगा आत गेल्यावर सर खालच्या आवाजात बोलले. पण शिपायाला ऐकू गेलं, मागच्या पालकांनाही गेलं. "मॅडम, तुम्हाला हितं कशासाठी उभं केलंय, म्हाईत हाय न्हवं?"

मी म्हणाले, "आता माहीत झालंय. म्हणून जातोय."

जातोय म्हणाले. जाते नाही. ठरवून नाही, तसंच तोंडात आलं. गेट सोडून मी वर्गावर गेले.

पुढं जे व्हायचं ते झालं. मुख्याध्यापकांनी बोलावलं. या वेळी चहा नव्हता. नियम सगळ्यांना सारखा आहे, तुम्ही त्याला जातीचा रंग देताय, म्हणाले. मी विचारलं, "सर, मग निळ्यासाठीच मी कशाला लागले?" त्यांनी वेळापत्रक पुढं ओढलं. माझ्याकडचा इतिहासाचा तास काढून घेतला. उन्हाळ्यात कंत्राट संपलं आणि पुन्हा झालं नाही. शिक्षकांच्या खोलीतल्या बायका चांगल्या बोलल्या माझ्याशी शेवटपर्यंत. पण मी त्यांच्यात बसले की खोली जरा लवकर रिकामी व्हायची.

घरमालकिणीला मी सांगितलं, आम्ही बौद्ध. तिनं खोली सोडायला सांगितलं नाही. फक्त पूर्वी द्यायची तशी सणाची पुरणपोळी यंदा वर आली नाही. वडिलांना नोकरी गेल्याचं फोनवर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जेवलीस का?"

श्रावस्तीचं नाव तिच्या आईनं महापालिकेच्या शाळेत घातलं. माझी नोकरी गेली हे तिला कळावं, त्यानं तरी तिचं मन थोडं हलकं व्हावं, असं मला वाटायचं. एकदा रिक्षातून जाताना ती दिसली. मैत्रिणींबरोबर चालत होती, मोठमोठ्यानं बोलत होती. खिशावर बिल्ला होता की नव्हता, दिसलं नाही. मी हात केला. तिनं बघितलं आणि मैत्रिणीशी बोलणं पुढं चालू ठेवलं. बरोबर होतं तिचं. मी नोकरी गमावली म्हणून तिनं मला माफ करावं, असा काही हिशेब नाही. तो खिसा मी फाडला. मुख्याध्यापकांनी नाही, सरांनी नाही. त्यांनी सांगितलं, हात माझा होता. माझी फसवणूक झाली हे खरं. पण हात जागच्या जागी राहिला असता तर कुणाला तो उचलता आला नसता.

गेल्या महिन्यात वारणानगरच्या बाजूला एका शाळेत मुलाखतीला गेले. समोर तिघं बसलेले. विषयाचे प्रश्न झाले, ते खूश दिसले. मग मधल्या गृहस्थांनी फाईल उलटून माझी जात वाचली. मला ते कळलं, कारण त्यानंतर ते जास्त गोड बोलायला लागले. म्हणाले, आमच्याकडं सगळ्या समाजाची मुलं आहेत, शिस्तीचा थोडा प्रश्न आहे. तुमच्यासारख्या बाई असल्या की काही मुलांना समजावणं सोपं जातं. ते काम कराल ना?

मला नोकरीची गरज होती. अजून आहे.

मी म्हणाले, "शिकवीन. सगळ्यांना शिकवीन. पण माझ्या माणसांना गप्प करायला मला ठेवणार असाल, तर ती बाई मी न्हाय."

त्यांनी फाईल मिटली. मी उठून, त्यांनी 'या आता' म्हणायची वाट न बघता, दार उघडून बाहेर आले.