लाल शाईचा दोन

श्रीकृष्णराव तहसील कचेरीतून निवृत्त झाले, पण हुकूम पाळायची खोड काही सुटली नाही. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, तेव्हा दारव्ह्यात बोलायला दुसरा विषय हवाच होता. तो टेलिफोनवाल्यांनी दिला. पाच आकडी नंबराच्या सुरुवातीला आता दोन लावायचा.

झालं! लाल पेन घेऊन श्रीकृष्णराव गल्लीभर फिरले. किराणा दुकानाची पाटी, आरत्यांच्या वहीचा पुठ्ठा, दिसेल त्या नंबराला दोन. गॅसच्या पुस्तकातल्या ग्राहक क्रमांकालाही लावला. त्यापायी सिलिंडर अडला आणि त्यांच्या बायकोला, अनघाबाईंना, एकादशीचा फराळ चुलीवर करावा लागला.

त्यांची मुलगी प्राची शाळेत मास्तरीण. नेरच्या सलीलचं स्थळ आलं होतं. गुरुवारी बाराच्या आत फोन करून होकार-नकार कळवतो, असा निरोप होता.

"बाबा, मी नोकरी सोडणार नाही, हे त्यांना आधी सांगा हं," प्राची रोज म्हणायची.

"सांगू, सांगू," म्हणत श्रीकृष्णराव पेपरात तोंड घालायचे. वरपक्षाला अट घालायची त्यांची छाती नव्हती.

गुरुवारी साडेबारा वाजले तरी फोन गप्प. अनघाबाईंनी देवापुढे दुसऱ्यांदा वात लावली.

"बाबा, नेरला पाठवलेल्या पत्रिकेवर नंबर कोणता होता?"

"तू लिहिलेलाच. मी फक्त दोन लावला."

"मी आधीच लावला होता!"

श्रीकृष्णरावांनी खिशातलं लाल पेन हळूच पेपराखाली सारलं. तेवढ्यात दारात लूना थांबली. गॅरेजवाले रहेमानभाई, हात ऑइलनं काळे.

"भाऊ, नेरचा फोन माह्याकडं आला! एक दोन जास्तीचा लागला, का शेवटचा आकडा गळते, अन् माह्या गॅरेजात वाजते. हप्त्यात तिसरा हाय."

"काय म्हणाले?" अनघाबाईंना दम निघेना.

"पोरगी पसंत हाय, रविवारी येतो. मी म्हनलं, या, पन पोरगी शाळा सोडनार नाही. आमच्या तमन्नाले पाढे कोन शिकवन?"

"अरे देवा! मग?"

"सासूबाई म्हनल्या, सोडाले कोन सांगते? नेरले बदली होईन का तेवढं पाहा. मी म्हनलं, होईन!"

"मला न विचारता?" श्रीकृष्णराव उसळले.

"इचाराले लगेच फोन लावला ना! तुमचा नंबर डायरीत तुमीच अजून एक दोन लावून दुरुस्त केलता. तीनदा फिरवला, तं माहाच फोन माह्याशी बोलून राह्यला. एंगेज!"

अनघाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. प्राचीनं चहाचा पहिला कप रहेमानभाईंना दिला आणि फोन उचलून वडिलांसमोर धरला.

"आता तुम्ही सांगा, बाबा. त्यांनी सांगून चालायचं नाही."

श्रीकृष्णरावांनी नंबर फिरवला आणि साहेबांपुढे राहावं तसे ताठ उभे राहिले.

"नमस्कार, मी प्राचीचा बाप. मघाशी बोलले ते रहेमानभाई होते. पण... पण ते बोलले तेच आमचं म्हणणं. पोरगी नोकरी सोडणार नाही."