नावं झाकलेले एकशे त्रेसष्ट प्रस्ताव

शरीफा मुकादम यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते खारघरच्या एका कॉलेजच्या वर्गात. आमचा ओपन सोर्सवाल्यांचा गट महिन्यातून एका रविवारी तिथे जमतो. ज्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा असतो, जो कुणीही वाचावा, सुधारावा, फुकट वापरावा, अशा सॉफ्टवेअरवर काम करणारी आम्ही पंधरा-वीस माणसं. बहुतेक नोकरदार, तिशीच्या अलीकडची-पलीकडची. बाईंनी पंचेचाळिशी ओलांडलेली. डोक्यावरची ओढणी सावरत त्यांनी पिशवीतून जुना लॅपटॉप काढला आणि विचारलं, "ह्या प्रोग्राममध्ये 'ऱ्या' लिहिला की अक्षर तुटतं. हे कुणाला सांगायचं असतं?"

कुणालाच नीट सांगता आलं नाही. पुढच्या महिन्यात बाई पुन्हा आल्या, तेव्हा कुणाला सांगायचं ते त्यांनीच आम्हाला सांगितलं. 'ऱ्या' जुळलेला होता.

त्या पनवेलच्या एका उर्दू शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. शाळेतली अकरा यंत्रं जुनी झाली, नवीन सॉफ्टवेअर त्यांच्यावर चालेना, तेव्हा बाईंनी सुट्टीत बसून एकेकावर लिनक्स ही जुन्या यंत्रांवरही चालणारी फुकट प्रणाली घातली. शिकवायला कुणी नव्हतं. नवरा शकील दोहाला, मुलगी नशरा तेव्हा चौथीत. मुलांना चित्रं काढायच्या प्रोग्राममधले इंग्रजी शब्द कळेनात म्हणून त्यांनी ते सगळे मराठीत आणि उर्दूत आणले. ते काम आज कुठल्या कुठल्या गावांतली मुलं वापरतात. वर्गात मात्र त्यांनी याचा कधी उल्लेख केला नाही. मला ते त्या प्रोग्रामच्या श्रेयनामावलीत सापडलं.

दोन वर्षांपूर्वी राज्यातली ओपन सोर्स परिषद पनवेलला भरवायचं ठरलं. जागा, जेवण, पाहुणे, सगळ्याला माणसं मिळाली. कार्यक्रम ठरवायच्या कामाला कुणी हात वर करेना. व्यासपीठावर बोलायला सगळ्यांना आवडतं. कुणी बोलायचं नाही हे ठरवणाऱ्याशी मात्र लोक वर्षभर बोलत नाहीत. शरीफाबाई म्हणाल्या, "मी करते. मदतीला दोघं द्या." मी आणि सत्यजीत असे दोघं मिळालो. सत्यजीत एका बड्या कंपनीत होता, आणि गटात सगळ्यांत जास्त ओळखी त्याच्याच होत्या.

सव्वीस भाषणांची जागा होती आणि प्रस्ताव आले एकशे त्रेसष्ट.

बाईंनी पहिली अट घातली ती नावं झाकण्याची. प्रस्ताव कुणाचा, कुठल्या कंपनीचा, हे आम्ही वाचणाऱ्या तिघांनाही कळता कामा नये.

सत्यजीतला पटेना. "मॅडम, लोक नाव बघून येतात. मोठी माणसं नसली तर हॉल रिकामा राहील."

"बोर्डाच्या पेपरावर मुलाचं नाव असतं का?" बाईंनी विचारलं.

"ती मुलं असतात."

"मग मोठ्यांना तर जास्तच जमायला हवं."

नावं काढून टाकायचं काम नशरानं केलं. तोवर ती कॉलेजात गेली होती. आमच्या हाती नुसते आकडे घातलेले कागद आले. बाईंची दुसरी अट होती की प्रत्येक कागद तिघांनी वेगवेगळा वाचायचा, आणि 'नको' म्हणायचं असेल तर दोन ओळींत कारण लिहायचं. पाच रविवार आम्ही त्यांच्या बैठकीच्या खोलीत सतरंजीवर बसून वाचत होतो. मी कुठे 'कंटाळवाणं' एवढंच लिहिलं की बाई कागद परत माझ्यापुढे सरकवत. "रुचिरा, ह्यानं पानभर लिहिलंय. तू एक शब्द लिहितेस?"

एकशे अठरा नंबरचा प्रस्ताव मराठीत होता. त्यात चारच वाक्यं होती. 'आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चौथ असेल तर तीन वाजता. माझा बाप असंच सांगतो. तो कधी आणि किती चुकतो ते मी दोन वर्षं मोजलंय, आणि त्याचा प्रोग्राम सगळ्यांसाठी ठेवलाय.' सोबत कोडचा पत्ता होता. सत्यजीतनं तो उघडला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग म्हणाला, "हे स्वच्छ काम आहे." तिघांचेही गुण भरघोस पडले.

यादी पक्की झाल्यावर नशरानं नावं उघडली, आणि सत्यजीतचा चेहरा पडला. पुण्याचे उदयसिंह सर यादीत नव्हते. सर म्हणजे या क्षेत्रातलं मोठं नाव. आमच्यापैकी निम्मे लोक त्यांचं ऐकून इकडे वळलेले. त्यांचा प्रस्ताव एकोणसत्तर नंबरचा होता. आम्ही कागद काढून बघितला. 'विषय नंतर कळवतो. नेहमीप्रमाणे पाऊण तास लागेल.' एवढंच होतं त्यात. तिघांनीही नाकारलेला.

"एक जागा वाढवू या," सत्यजीत म्हणाला. "कुणाला कळणारही नाही."

"आपल्या तिघांना कळेल," बाई म्हणाल्या. "आणि बाकीच्या एकशे छत्तीस जणांना काय सांगू? तुम्ही मेहनतीनं लिहिलंत, पण ज्यांनी लिहिलं नाही त्यांना जागा दिली?"

सरांना फोन त्यांनीच केला, आमच्यासमोर. आवाज जराही हलला नाही. "सर, मी शरीफा मुकादम, पनवेलहून. तुमचा प्रस्ताव आम्हाला घेता आला नाही. नावं झाकून वाचले होते. तुमच्या कागदावर विषय नव्हता." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. बाई म्हणाल्या, "तुमची योग्यता ठरवणारी मी कोण? मी कागद वाचला फक्त. तुम्ही ऐकायला आलात तर आम्हाला मान वाटेल." फोन ठेवून त्या ग्लासभर पाणी एका दमात प्यायल्या. पुढचे दोन दिवस सत्यजीतला फोन येत राहिले, ही बाई कोण म्हणून. त्यानं काय उत्तरं दिली ते मला माहीत नाही, पण यादी बदला असं तो पुन्हा म्हणाला नाही.

एकशे अठरा नंबर निघाला उरणजवळच्या मोरा बंदरातल्या भामा कोळी हिचा. तिनं निवडीच्या पत्राला लगेच उत्तर पाठवलं, 'माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला घ्या.'

बाईंनी मला सोबत घेतलं आणि आम्ही गव्हाणवरून उरणला, तिथून मोऱ्याला गेलो. भामा चोविसेक वर्षांची, उरणला एका ऑफिसात नोकरीला. धक्क्यापासून जवळच घर. ओहोटीला गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नाही, माणसं ताटकळतात, म्हणून तिनं हे सगळं सुरू केलेलं.

"मला स्टेजवर बोलता येत नाय," ती म्हणाली. "तितं सगले इंग्लिशमदी बोलतान."

"तू मराठीत लिहिलंस, आम्ही मराठीत वाचलं. बोलायचंही मराठीतच," बाई म्हणाल्या.

भामा घुटमळली. मग दाराकडे बघत हळूच म्हणाली, "बापाच्या चुका चारचौघांत कशा सांगू?"

तिचे वडील दिनानाथ ओट्यावर जाळं विणत होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं. हातातलं काम न थांबवता ते म्हणाले, "सांग की. पर मी किती येला बरोबर आलो, ते पन सांग. नुस्त्या चुका नको."

"ते तर आधी सांगायला हवं," शरीफाबाई म्हणाल्या.

भामा हसली, आणि तिचं भाषण तिथेच ठरलं. त्यानंतर तीन शनिवार ती पनवेलला बाईंच्या शाळेत आली. रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून बाई म्हणायच्या, "ऐकू येत नाही, पुन्हा."

वेळापत्रकही बाईंनी असंच मन लावून केलं. जड विषयानंतर हलका, उरणकडून येणाऱ्यांना संध्याकाळचं शेवटचं भाषण नाही, दुपारची सुट्टी अशी की जेवणही व्हावं आणि नमाजही. हे वरून कुणाच्या लक्षात येत नाही. दोन दिवस कुणाची कुठे धावपळ झाली नाही, तेव्हा आमच्या लक्षात आलं.

जानेवारीत परिषद झाली. हॉल रिकामा राहील ही सत्यजीतची भीती खोटी ठरली. मागे लोक उभे होते. दुसऱ्या दिवशी अकराला भामा उभी राहिली. पहिलं वाक्य अडखळलं. मग तिनं पडद्यावर दोन रेघा दाखवल्या, एक बापाच्या हिशोबाची, एक खऱ्या पाण्याची. "सातशे तीस दिवसांतल्या पाचशे बारा दिवशी माजा बाप अर्ध्या तासाच्या आत हाय," ती म्हणाली. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. त्यानंतर ती कुठेच थांबली नाही.

प्रश्नांच्या वेळी चौथ्या रांगेतून एक हात वर आला. उदयसिंह सर होते. ते येऊन बसलेले आम्हाला कळलंही नव्हतं. त्यांनी विचारलं, "वाऱ्याचा परिणाम धरला आहे का?"

भामानं खरं ते सांगितलं. "नाय धरला. तेची माहिती नाय माज्याकडं."

"माज्याकडं हाय," मागून दिनानाथ उठले. दक्षिणेचा वारा लागला की पाणी कसं आधी चढतं, हे ते उभ्यानं सांगू लागले, आणि सर खिशातून पेन काढून लिहून घेऊ लागले.

शरीफाबाई बाजूला 'वेळ संपली' लिहिलेला पुठ्ठा घेऊन उभ्या होत्या. दोन दिवसांत त्यांनी कुणाला अर्धं मिनिट जास्त दिलं नव्हतं. त्यांनी पुठ्ठा खाली केला. सात मिनिटं जास्त गेली. पुढच्या वक्त्याची त्यांनी नंतर जाऊन माफी मागितली, कारण चूक आपलीच होती असं त्यांचं म्हणणं. त्या सात मिनिटांत मी त्यांच्याकडे बघत होते. मान ताठ, डोळे भरलेले. आपल्या हातून काय झालंय ते त्यांना नेमकं कळत होतं, आणि ते लपवायची गरज त्यांना वाटत नव्हती.

भामाच्या प्रोग्राममध्ये आता वाराही आला आहे, आणि इतर बंदरांतल्या लोकांनी आपापले आकडे त्यात घातले आहेत. पुढच्या वर्षीच्या परिषदेला उदयसिंह सरांनी पानभर प्रस्ताव पाठवला आणि तो निवडला गेला. ती परिषद दुसऱ्या शहरात होती. तिथल्या मंडळींनी प्रस्ताव निवडण्याची आमची रीत लिहून मागितली होती. सत्यजीतनं सहा नियम लिहिले, वर 'पनवेल पद्धत' असं नाव दिलं आणि बाईंना दाखवायला नेलं.

बाईंनी शांतपणे दोनदा वाचलं. वरच्या नावावर बोट ठेवून कागद नशराला दाखवला. मग पेन घेऊन खाली सातवा नियम लिहिला. 'ज्यांना नाही म्हणायचं आहे त्यांना यादी लागण्याआधी फोन करावा, आणि ज्यानं ठरवलं त्यानंच करावा.'