आधी कोण उठणार

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं, मंगळवारपासून पोटात राहत नाहीये: आमच्या माडीवरच्या इंग्रज तात्तांएवढा हट्टी माणूस अख्ख्या तंजावुरात झाला नाही, आणि हट्टी माणसांचा इथे काही दुष्काळ नाही. तात्ता म्हणजे आजोबा, गल्लीनंच ठेवलेलं नाव. इंग्लंडातल्या कुठल्याशा गावच्या चर्चमध्ये जन्मभर ऑर्गन वाजवला, ढीगभर प्रार्थनागीतं रचली. त्यातलं एक छापलं गेलं, तेही दुसऱ्याच्या नावावर. तरी ते पुस्तक पिशवीत घालून हिंडायचे आणि ऑटोवाल्यालाही दाखवायचे, "नावाची चूक छापखान्याची, सूर माझे." इथल्या चर्चचा जुना ऑर्गन पायांनी भाता मारून वाजवायचा, म्हणून टाउन बसमध्येही यांच्या पायांचा सराव चालू. एकदा शेजारच्या बाईंनी विचारलं, "तात्ता, टेलर आहात का?" तर त्यांनाही पुस्तक दाखवलं.

आले होते दहा दिवसांसाठी. राहिले का, ते ऐका. त्यांच्याकडची रीत अशी की प्रार्थना संपली की ऑर्गनवाल्यानं वाजवत राहायचं, लोकांनी गप्पा मारत बाहेर पडायचं, शेवटचा माणूस गेला की यानं थांबायचं. आणि आमच्याकडे? कच्चेरीत, म्हणजे गाण्याच्या मैफलीत, शेवटचं मंगळम् व्हायच्या आधी उठणाऱ्याच्या घरी कुणी मुलगी देत नाही. मी त्यांना स्कूटीवरून सोडायला गेलेली, मागच्या बाकावर अडकले. हे थांबेनात, कारण लोक उठेनात. लोक उठेनात, कारण हे थांबेनात. घरोघरचं सांबार आटलं. शेवटी पाद्र्यांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा सुटका. घरी येऊन आईला म्हणतात, "अम्मा, कुणीच गेलं नाही." आई म्हणाली, "जातील कसे? तुम्ही संपवलंत कुठे?" झालं, तात्ता राहिलेच. त्यानंतर दर रविवारी तेच, पाद्र्यांच्या हातासकट.

मग गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, भाता बंद; हे ऐकतात कसले. त्यांची मुलगी ऑपरेशनसाठी तिकडे बोलावत होती, तिकीट आलं, राहिला एकच रविवार. तेव्हा मी अतिशहाणीनं पाद्र्यांना चर्चच्या ग्रुपवर मेसेज टाकायला लावला: तीन मिनिटांत सगळे उठा, तात्तांचा गुडघा वाचवा. आमचे लोक इतके ऐकणारे कधीपासून झाले कोण जाणे. बरोब्बर उठले, एकही बाक न वाजवता. तात्तांनी मान वळवून पाहिलं आणि सूर मध्येच सोडून दिला.

मी धावत जाऊन पुढच्या बाकावर बसले. "वाजवा ना, तात्ता."

"नको. इंग्लंडला आजच पोचल्यासारखं वाटलं."

मी मेसेज दाखवला. तमिळमध्ये होता, त्यांना वाचता येईना. मग समजावून सांगितलं, गुडघ्यासाठी, तुमच्यासाठीच. "हो, हो, छान केलंत," म्हणाले, आईचं तिखट लोणचं छान आहे म्हणायचे त्याच आवाजात. झाकण हळूच लावलं. मंगळवारी विमानानं गेले.

तुमच्या हातून झालंय का कधी असं? कुणाच्या काळजीपोटी उठून गेलात, आणि त्या माणसाला फक्त तुमची पाठ दिसली?