शंभूची घरघर

तबेल्यात दोन गोष्टी रोज साठतात, लीद आणि किस्से. पैकी लीद उचलायला माणूस नेमलेला असतो! मी जनावरांचा डॉक्टर. बनारसला घोडेस्वार पोलिसांच्या सरकारी तबेल्यात नोकरी, राहायला रामघाट. रिटायर झालो, तरी शंभू घोड्याचे किस्से काही डोक्यातून जात नाहीत.

*

शंभू देखणा होता, पण दौडताना श्वास घेतला की घशातून करवत चालल्यासारखी घरघर. परेडला तो नेमका पाहुण्यांच्या माईकजवळून दौडला. भाषण राहिलं बाजूला, घरघर सगळ्या मैदानानं ऐकली! तबेल्याचे मोठे साहेब लालबुंद. "डॉक्टर, इसका गला बंद कराओ!" घोड्याला काय होतंय, हे कुणी विचारलंच नाही.

*

घरी सांगितलं, तर वेदपाठशाळा चालवणारे माझे काका म्हणाले, "अरे, ज्येष्ठमध दे! आमच्या पाठशाळेतल्या पोरांचे घसे त्यानंच सुटतात." पुडीही बांधून दिली. शंभूची देखभाल करणारा रामधनी, त्यानं महिनाभर श्रद्धेनं चारलं. घरघर होती तशीच. शंभू मात्र येईल त्याचे खिसे हुंगायला लागला. मोठ्या साहेबांचेसुद्धा!

*

दुर्बीण घालून पाहिलं. श्वासनळीच्या तोंडाशी डावा पडदा लुळा पडलेला. मीटिंगमध्ये मी सांगितलं, "एका ऑपरेशनात हा पडदा ओढून बांधतात, श्वास मोकळा होतो. पण बाहेरगावी पाठवावं लागेल, वर सहा महिने आराम. दुसरं इथंच होईल. त्यानं आवाज जातो, श्वास मात्र फारसा सुधारत नाही."

"आवाज जाएगा न? बस!" साहेब म्हणाले.

"नाहीतर दौड बंद करू. नवशिक्यांना शिकवायला ठेवू."

"बैठके खाएगा? फिर नीलाम करो!"

लिलावातलं घोडं वीटभट्टीवर जातं, हे आम्हाला ठाऊक होतं. दाराशी रामधनी हात जोडून उभा. इकडे आड, तिकडे विहीर! मी दुसरं ऑपरेशन कबूल केलं.

*

रामधनीच्या सायकलची घंटी ऐकली की शंभू रोज खिंकाळायचा. ऑपरेशननंतरच्या सकाळी घंटी वाजली. शंभूनं मान वर केली, तोंड उघडलं. नुसती हवा! रामधनीनं सायकल तिथंच टाकली आणि त्याच्या गळ्यात पडला. मला जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. दुसऱ्या दिवसापासून रामधनी घंटी न वाजवता यायला लागला.

*

पुढची परेड. शंभू माईकजवळून दौडला, जराही आवाज नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "कमाल कर दी डॉक्टर! बिलकुल ठीक हो गया!" लगेच फिटनेसचा कागद पुढे केला. मी खाली मान घालून सही केली.

तबेल्यात आलो. शंभू घामानं निथळत होता, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. रामधनी त्याच्या नाकपुड्यांपुढे तळहात धरून उभा होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला,

"साँस त अबहियों फूलत बा, डाक्टर साहब. बस, अब केहू के सुनाई नाहीं देत."